न ओरडणारा खलनायक

तंबूतल्या सिनेमाला आमची मावशी जायची ती बोटं मोडायलाच. पडद्यावर निळू फुले आले की कानशिलाशी दहाही बोटं कडाकड मोडून म्हणायची, "मेल्या, तुझा मुडदा बशिवला!" आसपासच्या बायकाही तिला साथ द्यायच्या. हे साधारण 1970च्या सुमाराचं. आमच्या तालुक्यात त्याहून मोठं पारितोषिक कुणा नटाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

हिंदीतला खलनायक आम्हाला भीती घालायचा, पण तो आमचा नव्हता. 1975च्या 'शोले'तला गब्बर डोंगरात राहायचा. आमच्या गावाला डोंगर होता, पण त्यात करवंदांपलीकडे काही नव्हतं. निळूभाऊंचा माणूस मात्र वाड्यावर, सोसायटीत, कारखान्यात भेटायचा. धोतर, टोपी, तिरकी नजर आणि तो किंचित घोगरा, हलका आवाज. नकलाकारांनी 'बाई, वाड्यावर या' म्हणत तो आवाज पार चोथा करून टाकला. पण मुळात त्यात धमकी नसे, अगत्य असे. भीती त्या अगत्याचीच वाटायची.

1975च्या सुमारास आलेला जब्बार पटेलांचा 'सामना' आठवून बघा. लेखन तेंडुलकरांचं. हिंदुराव धोंडे-पाटील दारुड्या मास्तरला, म्हणजे डॉ. लागूंना, आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी काही सोडत नाही.

पुढं मी बँकेत लागलो आणि एका शाखेत असाच एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसला. कुठली शाखा, कोण गृहस्थ, ते जाऊ द्या. एक कर्जप्रकरण अडलं होतं. सात-बाऱ्यावर आधीचा बोजा होता, म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. त्यानं प्रकरणाचं नावही काढलं नाही. चहा मागवला, तोही स्वतःच्या पैशानं. मुलीची शाळा कशी आहे, पाणी वेळेवर येतं का, असं विचारलं. उठताना म्हणाला, "साहेब, आमच्याकडं माणसं टिकत नाहीत हो. लवकर बदली होते."

मी सही केली. कर्ज बुडालं. त्यात जामीनदार म्हणून ज्याचा अंगठा होता तो त्याचाच सालगडी निघाला. वसुलीच्या नोटिसा त्या गड्याच्या नावे जाऊ लागल्या, त्याही माझ्याच सहीनं. त्यानंतर 'सामना' पाहताना माझी नजर हिंदुरावावर ठरेना. त्याच्या आजूबाजूला मान डोलावत उभी असलेली माणसंच मला दिसत राहिली.

ही माणसं निळूभाऊंनी कुठं निरखली असतील? ते पुण्याचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेले, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले. पडद्यावर गोरगरिबांना लुबाडणारा हा माणूस प्रत्यक्षात सामाजिक चळवळींत वावरत असे. 2009 साली ते गेले.

'सिंहासन'मध्ये (1979) त्यांनी दिगू टिपणीस हा पत्रकार केला. सत्तेचा खेळ पाहून पाहून तो शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. हा सिनेमा मी मावशीला दूरदर्शनवर दाखवला. म्हटलं, बघ, इथं ते चांगले आहेत. तिनं सगळा सिनेमा संशयानंच पाहिला. दिगू हसायला लागल्यावर मात्र ती एकदम ताठ बसली.

"बघ," म्हणाली, "मी म्हणत नव्हते?"