बालाघाटचे दगड – भाग ६ : धारूरची दिंडी

मागच्या आठवड्यात नळदुर्गचा पाणीमहाल पाहिला. ते हौसेचं काम होतं. आज जिथे जायचंय तिथे हौस फारशी नाही, धास्तीच जास्त. बीडहून तेलगावमार्गे निघालं की धारूरचा घाट लागतो. वळणं अशी की मालट्रकवाल्याने आधी देवाचं नाव घ्यावं. अंगावर येणाऱ्या टेकड्यांवर सीताफळीची झुडपं. वर पोचलं की गाव, आणि गावाला खेटून किल्ला. इथे नुसतं ‘धारूर’ म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. गावाचं नावच किल्लेधारूर.

बालाघाटच्या पठाराचं एक टोक दरीत पुढे घुसलंय, त्यावर हा किल्ला बसवलाय. तीन अंगांना दरी. चौथं अंग गावाकडचं, सपाट. तिथे खंदक खोदून किल्ला पठारापासून तोडला. थोडक्यात, डोंगरी किल्ला म्हणावा तर गावातून चालत जाता येतं आणि भुईकोट म्हणावा तर मागे खोल दरी. बांधणाऱ्याची सगळी भीती त्या एका अंगाला गोळा झालेली दिसते. दरवाजा, बुरूज, खंदक, सगळा जोर तिथेच.

ही भीती कुणाची? १५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी एकजुटीने विजयनगरचा पाडाव केला आणि मग ते लगेच एकमेकांच्या मुलखावर डोळा ठेवू लागले. त्याच वर्षी अहमदनगरचा हुसेन निजामशाह वारला. गादीवर पोरगा मुर्तझा आणि कारभार आई खुंझा हुमायूनच्या हाती. विजापूरच्या अली आदिलशहाला ही संधी वाटली. त्याचा सरदार किश्वरखान निजामशाही हद्दीत घुसला आणि १५६७ मध्ये त्याने धारूरला किल्ला उभारला. शेजाऱ्याच्या अंगणात भिंत घालावी तसाच हा प्रकार.

मुर्तझाने १५६९ साली आईला कारभारातून दूर केलं आणि धारूरवर चाल केली. इतिहासकार फिरिश्त्याने लिहिलंय की किश्वरखानाने त्याला डिवचणारं पत्र पाठवलं. पोरसवदा सुलतान इतका भडकला, की किल्ल्यात शिरल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही असं म्हणत थेट दरवाजावर गेला. वरून तोफा-बंदुकांचा मारा चाललेला. मग एकाएकी मारा थांबला. आत जाऊन पाहतात तर किश्वरखान बाण लागून मेलेला आणि शिबंदी पसार. ज्याने किल्ला बांधला त्याला तो दोनच वर्षं लाभला. फिरिश्ता पुढे विजापूरच्या आश्रयाला होता, तेव्हा या कथेत थोडा मीठमसाला असेलही. पण मुर्तझाचा तापट स्वभाव पुढे जगाने पाहिला.

माझं मन अडकतं ते मात्र दुसऱ्या वेढ्यात. मोगल सरदार खानजहान लोदी बंड करून निजामशहाकडे आला म्हणून शाहजहान १६३० मध्ये बुऱ्हाणपूरला येऊन बसला. (याच मुक्कामात पुढच्या वर्षी मुमताज महल गेली.) दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला. मोगल सरदार आझमखान जानेवारी १६३१ मध्ये धारूरवर आला. पेठ लुटली गेली. आसपासच्या लोकांनी गुरंढोरं आणि सामानसुमान किल्ल्याच्या खंदकात आणून ठेवलं होतं, तटावरून राखण होईल या आशेने. शाहजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी याच्या बादशहानाम्यात पुढची हकिकत आहे. आझमखान खंदकाची पाहणी करत असताना त्याला तटात एक लहानशी वाट दिसली, दगड-चुन्याने बुजवलेली. फोडली तर आत शिरता येईल अशी. किल्लेदार सिद्दी सालमचा किल्ला पडला. आत निजामशहाची आजी आणि सरदारांचे कबिले मोगलांच्या हाती लागले. मोगलांनी धारूरचं नाव फतहाबाद केलं, इथे टांकसाळ घातली आणि त्या नावाचे रुपये पाडले. नाणी राहिली, पण लोकांच्या तोंडी नाव काही रुजलं नाही.

अशा लहान वाटेला आपण दिंडी म्हणतो. गंमत अशी की धारूरच्या किल्ल्यात हा शब्द आजही नांदतोय, पण पाण्याच्या नावात: खारी दिंडी आणि गोडी दिंडी. शेजारशेजारच्या पाणसाठ्यांपैकी एकाचं पाणी मचूळ, दुसऱ्याचं गोड. मला वाटतं, पाण्याकडे जाणाऱ्या लहान दाराचं नाव हळूहळू पाण्यालाच चिकटलं असावं. तटबंदीची डागडुजी अलीकडे झाली. काही ठिकाणी नवी भिंत पावसात पुन्हा ढासळली. पाण्याच्या बांधकामाची गवंडीकला मात्र जवळून पाहण्यासारखी आहे.

मराठी वाचकाला धारूर ठाऊक असतं ते आणखी एका कारणाने. शिवराय आग्र्याहून निसटले तेव्हा त्यांचे एकेकाळचे सरनौबत नेतोजी पालकर मोगल सेनापती मिर्झाराजांच्या फौजेत होते. औरंगजेबाचं फर्मान आलं आणि ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूरच्या छावणीत दिलेरखानाने त्यांना पकडलं. तिथून दिल्ली, धर्मांतर, मुहम्मद कुलीखान हे नाव आणि १६७६ मध्ये पुन्हा स्वराज्यात. किल्ल्यावर येणारी शाळेची पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, नेतोजींना कुठे ठेवलं होतं?

आझमखानाचं राहिलं. धारूर सहज मिळाल्याने चढून जाऊन तो परांड्यावर गेला. तिथे अशी बुजवलेली वाट नव्हती आणि दुष्काळात घोड्यांना वैरण मिळेना. वेढा उठवून त्याला परतावं लागलं. परांड्याचा तो तट पुढच्या आठवड्यात.