ठिगळाचा पंख

पहिले दोन रविवार मी वाऱ्यालाच दोष दिला. माझं दोन मीटर पंखांचं बाल्साचं ग्लायडर उतरायला आलं आणि वेग मारायला शेपटीवरचा एलिव्हेटर जरा ओढला, की उजवा पंख एकदम गळायचा. दर वेळी उजवाच. तिसऱ्या रविवारी माळावर गवताचं पातंही हलत नव्हतं, तरी तेच.

घरी पंख काचेच्या टेबलावर ठेवून पाहिला. पीळ नव्हता. मधोमध बोटावर तोलला, तर डावी बाजूच किंचित जड निघाली. मागच्या महिन्यात विमान बाभळीत अडकून डाव्या पंखाची फिल्म टोकाकडे फाटली होती. तिथे पुढच्या कडेला समांतर मी हातभर कापडी चिकटपट्टी लावली होती. म्हणजे पडायचा तर हा ठिगळाचा पंख पडायला हवा. उजव्याची फिल्म इस्त्रीने ताणून बसवलेली, काचेसारखी गुळगुळीत.

त्या गुळगुळीतपणातच खोट होती.

पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून रेनॉल्ड्स अंक काढतात. अठरा सेंटीमीटर रुंदीच्या माझ्या पंखाचा, सेकंदाला 8 मीटर वेगाने, तो लाखाच्या आसपास येतो. मोठ्या प्रवासी विमानाचा कोटींत जातो. लाखाच्या घरात पंखाला लगटून जाणारा हवेचा थर संथ आणि दुबळा असतो. फुगवटा ओलांडल्यावर पुढे दाब वाढत जातो, त्याच्याविरुद्ध जायला या थराला बळ पुरत नाही. तो पंख सोडतो आणि उचल जाते. तोच थर आधी विस्कटला, तर वरची वेगवान हवा त्यात मिसळते आणि तो पंखाला धरून राहतो. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूला हेच करते, म्हणून चेंडू स्विंग होतो. जर्मनीतल्या एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांचं मॉडेल विमानांच्या वायुगतिकीवरचं पुस्तक 1942 सालचं आहे. मोठ्या विमानांचे आकडे छोट्या पंखाला का लागू पडत नाहीत, ते त्यात मोजून दाखवलेलं आहे. पट्टीची जाड कड माझ्या डाव्या पंखावर नकळत शिवणीचं काम करत होती.

उजव्या पंखावरही तेवढ्याच लांबीचा जाड शिवणदोरा चिकटवला, वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून चार बोटांवर. पहाटे माळावर गेलो. विमान उंच नेलं आणि एलिव्हेटर हळूहळू ओढत राहिलो. नेहमीचा क्षण आला आणि गेला. पंख सपाट राहिले. आणखी ओढल्यावर नाक सरळ खाली झुकलं, कुठल्याही बाजूला न कलता. मी तीन वेळा तेच करून पाहिलं. तिसऱ्यांदा हात थरथरत होते, आनंदाने.

वेगात मात्र आता ते पूर्वीइतकं लांब सरकत नाही असं वाटतं. दोऱ्याचा तेवढा अडथळा होत असावा. तो बोटभर मागे घेऊन पाहायचाय.