साचा जुळला म्हणून पत्ता खरा ठरत नाही

कर भरायचा असो की कॉलेजात प्रवेश घ्यायचा, ईमेलच्या चौकटीखाली ‘अवैध पत्ता’ असा लाल शेरा उमटला की चूक आपलीच, असं फॉर्म भरणारा समजतो. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यात असो वा अन्यत्र, फॉर्म घडवणाऱ्यांमध्येही याचीच दुसरी बाजू आढळते: रेजेक्स जितकं कडक, तितके पत्ते खरे. ही समजूत चुकीची आहे. रेजेक्स म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, चिन्हांच्या मांडणीचा साचा. ते फक्त ती मांडणी तपासतं. तो पत्ता अस्तित्वात आहे का, भरणाऱ्याचाच आहे का, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं घाईत उलटसुलट झाली तरी साचा जुळतो आणि पावती भलतीकडे जाते.

उलट कडकपणाचा फटका खऱ्या पत्त्यांना बसतो. २००८च्या आरएफसी ५३२२ या मानकानुसार ‘ॲट’च्या आधी अधिकचं चिन्ह चालतं, अपॉस्ट्रॉफीही चालते, पण कित्येक साचे दोन्ही नाकारतात. शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरं हवीत हा नियम तर २००१ साली ‘म्युझियम’ हे सहा अक्षरी डोमेन आलं तेव्हाच मोडीत निघाला. आपल्यासाठी याहून मोठा प्रश्न देवनागरीचा आहे. रोमनेतर लिपीतल्या पत्त्यांना आरएफसी ६५३१ने २०१२मध्ये वाट करून दिली आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे डोमेन खुलं झालं. तरीही ‘ए ते झेड’वर बेतलेला साचा असा पत्ता पहिल्याच अक्षराला अडवतो. सुधारणा म्हणून ‘युनिकोडमधलं कोणतंही अक्षर’ अशी मुभा दिली तरी भागत नाही. ‘नवीमुंबई’ या नावात युनिकोडच्या हिशेबाने आठ चिन्हं आहेत. त्यांतली दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व उकार आणि अनुस्वार ही तीन ‘अक्षर’ या वर्गात मोडतच नाहीत. त्यांचा वर्ग ‘मार्क’. तो साच्यात घातला नाही, तर शहराचं स्वतःचं नावच अवैध ठरतं.

देवनागरी पत्ते वापरतं कोण, असं यावर विचारलं जातं. फॉर्म जो पत्ता घेतच नाही, तो लोकांनी काढावा तरी कशाला? दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे: अपॉस्ट्रॉफी आत सोडली तर डेटाबेसवर हल्ला होईल. पण तिथला बंदोबस्त, भरलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेपासून वेगळा ठेवणाऱ्या पॅरामीटराइज्ड क्वेरीने करायचा असतो. ते काम ईमेलच्या साच्यावर टाकलं, तर बाकीच्या सगळ्या चौकटी उघड्याच राहतात. शिवाय रेजेक्स स्वतःच धोका ठरू शकतं. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं, ते मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका छोट्या रेजेक्समुळे.

म्हणून साच्याने थोडंच पाहावं: ‘ॲट’च्या दोन्ही बाजूंना काहीतरी आहे ना, लांबी २५४ बाइट्सच्या आत आहे ना. त्यानंतर त्या पत्त्यावर कोड पाठवावा. तो परत टाइप झाला की पत्ता चालू आहे आणि भरणाऱ्याच्या हाती आहे, हे दोन्ही कळतं. खोट्या पत्त्यांवरून मेल परत येऊन आपल्या सर्व्हरची पत घसरेल ही भीती रास्त आहे. पण कोड पाठवण्याआधी ते डोमेन मुळात आहे का आणि मेल स्वीकारतं का, हे डोमेनांची नोंद ठेवणाऱ्या डीएनएसला विचारता येतं, आणि त्यासाठी एकाही खऱ्या पत्त्याला दारातून परत पाठवावं लागत नाही.