वरची जोड कधी घ्यावी?

चैत्र लागला की भोसरीपासून चाकण-राजगुरुनगरपर्यंत गावोगावच्या उरुसांत कुस्त्यांचे आखाडे भरतात. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग पाचशे-हजाराच्या, आणि उन्हं कलल्यावर हँडबिलावर फोटो छापलेल्या नेमलेल्या कुस्त्या. गर्दी या शेवटच्या कुस्त्यांसाठी थांबते. पण कुस्ती समजून घ्यायची तर मधला टप्पा बघावा. लांग चढवलेला पोरगा मैदानात फेरी मारतो, समोरून दुसरा येतो, पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात. कमिटीतलं कुणीतरी दंड चाचपून बघतं. कडेनं आवाज येतो, "पोरगं उणं पडतंय!" पोराची नजर वस्तादांकडे जाते. त्यांनी मान हलवली तर हात मिळतात, नाही तर पोरगा पुन्हा फेरीला लागतो. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो, आणि पुढचं वर्ष पोरगा मैदानात असेल की दुखरा गुडघा घेऊन घरी बसेल, हे बऱ्याचदा तिथंच ठरून जातं.

या पट्ट्यातला पैलवान आता पोटापाण्यासाठी लढणारा खेळाडू झाला आहे. एमआयडीसी आली, जमिनींना भाव आला, तशी इनामंही फुगली. दुसऱ्या बाजूला दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खुराक शेतकऱ्याच्या किंवा कंपनीत पाळीवर जाणाऱ्या बापाच्या आवाक्याबाहेर गेला. म्हणून चार मैदानं ओळीनं मारलेल्या पोराला वरची जोड खुणावते, कारण वरच्या जोडीवर वरचं इनाम असतं. घरचे म्हणतात, पोरगं तयार आहे. मित्र स्टेटसला व्हिडिओ टाकतात. कमिटीला नवं नाव हवंच असतं. नको म्हणणारं माणूस एकच उरतं, ते म्हणजे वस्ताद.

व्यावसायिक मुष्टियुद्धात हाच प्रश्न शंभर वर्षांहून जास्त काळ घोळतो आहे. तिथं जोड लावणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात आणि चढण साधारण आखलेली असते. नवखा मुष्टियोद्धा तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्यांपासून सुरुवात करतो, मग सहा, आठ, दहा, आणि किताबाच्या लढतीला बारा. माईक टायसन मार्च १९८५मध्ये व्यावसायिक झाला आणि त्या एका वर्षात पंधरा लढती खेळला. नोव्हेंबर १९८६मध्ये ट्रेव्हर बर्बिकला हरवून तो जगज्जेता झाला, तेव्हा त्याची अठ्ठाविसावी लढत होती. वेग अफाट दिसतो, पण पायऱ्या त्यानं गाळल्या नव्हत्या, भराभर चढल्या होत्या.

पायऱ्या गाळल्या की काय होतं, ते डेव्ही मूरच्या बाबतीत दिसलं. अमेरिकेचा हा तरुण नवव्याच लढतीत जगज्जेता झाला. जून १९८३मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासमोर रोबेर्तो दुरान उभा राहिला. मूरच्या नावावर बारा लढती, बाराही जिंकलेल्या. दुरानच्या पंचाहत्तरहून जास्त झालेल्या, आणि लोकांच्या लेखी तो संपलेला. मूर तरुण होता, ताकदीचा होता, पण खेटून लढणारा, हरेक खाचाखोचा जाणणारा जुना गडी काय करतो, हे त्यानं तोवर पाहिलंच नव्हतं. त्याचा एक डोळा सुजून मिटत गेला आणि आठव्या फेरीत लढत थांबवावी लागली.

मग वासिल लोमाचेन्कोचं काय, असं कुणी विचारेल. युक्रेनचा हा खेळाडू दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक किताबासाठी उतरला, मुरलेल्या ऑर्लांडो सालिदोकडून थोडक्यात हरला, आणि तिसऱ्या लढतीत गॅरी रसेलला हरवून जगज्जेता झाला. हे २०१४ साल. पण व्यावसायिक होण्यापूर्वी तो २००८ आणि २०१२ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि शेकडो हौशी लढती पदरी बांधून आला होता. त्याचा पाया वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला होता, एवढंच.

आकडा किती फसवा असतो, ते आपल्या शेजारी गोव्यातही दिसलं. विजेंदर सिंग २०१५मध्ये व्यावसायिक झाला. पहिल्या सहाही प्रतिस्पर्ध्यांना त्यानं वेळेआधीच गारद केलं. जुलै २०१६मध्ये दिल्लीत केरी होपनं त्याला पहिल्यांदा पूर्ण दहा फेऱ्या खेळायला लावल्या. माझ्या मते त्या आधीच्या सहा विजयांपेक्षा ही एक लढत त्याला जास्त शिकवून गेली असणार. पुढे एकूण बारा लढती, बारा विजय. मग १९ मार्च २०२१ला पणजीत मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रशियाचा आर्तिश लोप्सान समोर आला. त्याच्या नावावर जेमतेम सहा लढती होत्या. कागदावर ही खालची जोड. पण तो विजेंदरपेक्षा वयानं बराच लहान आणि उंचीनं चांगलाच जास्त होता, आणि विजेंदर २०१९च्या नोव्हेंबरनंतर रिंगणात उतरलाच नव्हता. पाचव्या फेरीत विजेंदर पहिल्यांदा हरला.

म्हणून "किती कुस्त्या मारल्या?" या प्रश्नावरून जोड ठरवणं मला चुकीचं वाटतं. विचारायचं ते वेगळंच. आतापर्यंतच्या जोडींनी पोराला काय काय करायला लावलं? समजा त्यानं दहा कुस्त्या घिस्स्यावर मारल्या. मग त्याला एकच कुस्ती दहा वेळा आली. वरचा पैलवान पहिल्या खडाखडीतच तो हात ओळखेल आणि मिळू देणार नाही, तेव्हा पोराकडे दुसरं काय आहे? ढाक, एकलंगी, काहीतरी हाताशी आहे का? तो कधी खाली आला होता का, आणि वरचा कब्जा घेऊन बसलेला असताना सुटून उठला का? कुस्ती दहा-बारा मिनिटं लांबली तेव्हा दम टिकला, की हात सैल पडले? ज्याला या प्रसंगांतून जावंच लागलं नाही, त्याची विजयाची ओळ लांब असली तरी तो वरच्या जोडीसाठी कच्चा आहे. उलट दोन मैदानं हरलेला, पण हरताना शेवटपर्यंत झुंजलेला पोरगा कदाचित तयार असतो.

नवी जोड एकाच बाबतीत जड असावी, असं मला वाटतं. समोरचा वजनानं भारी असेल तर अनुभवानं बरोबरीचा हवा. अनुभवी असेल तर अंगानं मोठा नको. वय, वजन आणि डाव, तिन्हींत उजवा असलेल्या गड्यासमोर सतरा वर्षांच्या पोराला सोडलं तर तो काही शिकत नाही, फक्त दबतो. जागतिक कुस्ती संघटनेनं १५, १७, २० आणि २३ वर्षांखालचे वेगवेगळे गट केले आहेत, ते उगीच नाहीत. मान आणि गुडघे दंडाच्या मागून पिकतात.

मग मोठ्याशी झुंजायचं कुठं? तालमीत. खरी वरची जोड रोज पहाटे तिथंच मिळते, आणि तिथं ना इनाम असतं ना हँडबिल. याचं उत्तम उदाहरण आपल्याच भागात आहे. शिवराज राक्षे खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा, आणि चाकणही याच तालुक्यातलं. तो घडला कात्रजला, काका पवारांच्या कुस्ती संकुलात. जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली, तेव्हा दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. अशा तालमीत राक्षेला रोज सरावालाच महाराष्ट्र केसरीच्या तोडीचे हात लागत होते. जानेवारी २०२३मध्ये कोथरूडला गादी विभागात त्यानं सदगीरला हरवलं आणि मग महेंद्र गायकवाडला चितपट करून गदा मिळवली. बाहेरच्यांना ती झटपट कुस्ती वाटली. तिच्यामागची तालमीतली वर्षं कुणी मोजली नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखनं राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं. त्याच महिन्यात धाराशिवला राक्षे पुन्हा अंतिम फेरीत आला आणि सदगीरला हरवून दुसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी झाला. पाया पक्का असला की हार पचते. खाशाबा जाधवांचंही तसंच. १९४८ला लंडन ऑलिंपिकला ते गादीवर नवखे होते, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले.

मुष्टियुद्धात मात्र हार पचवायची मुभा कमी. कुस्तीत पाठ टेकली की खेळ थांबतो, तिथं डोक्यावर ठोसे बसत राहतात. १९८२च्या नोव्हेंबरात लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या चौदाव्या फेरीनंतर कोरियाचा किम दुक-कू कोमात गेला आणि चार दिवसांनी मरण पावला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये हातमोजे चढवलेल्या ज्या मुला-मुलींना उद्या व्यावसायिक व्हायचं आहे, त्यांच्या पालकांनी हे आधी समजून घ्यावं. चुकीची जोड कुस्तीत हंगाम घालवते, मुष्टियुद्धात माणूस घालवू शकते.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. पण गावच्या आखाड्यात मुली अजून इतक्या थोड्या असतात की जोड शोधायला वावच नसतो. जी समोर येईल ती जोड. पंधरा वर्षांची मुलगी थेट राष्ट्रीय स्तरावर खेळलेल्या मुलीसमोर उभी राहते आणि टाळ्या वाजतात. तिथं कुस्ती न लावणं हाच शहाणपणा, आणि त्या मुलीला मैदानात फेटा बांधून सत्कार करावा.

अमेरिकेत २०००मध्ये मुहम्मद अलीच्या नावानं कायदा झाला. त्यानं लढत भरवणारा प्रवर्तक आणि खेळाडूचा व्यवस्थापक यांचे आर्थिक हितसंबंध एकमेकांत गुंतवायला बंदी घातली. आपल्या आखाड्यांना कायद्याची वाट बघायची गरज नाही. इनामाचा आकडा कमिटीनं ठरवावा आणि जोडीचा होकार फक्त वस्तादांनी द्यावा. वस्तादांनी नको म्हटलं तर स्पीकरवरून त्यांना आणि पोराला डिवचणं बंद व्हावं. भोसरी, चऱ्होली, मोशी, चाकण, खेड या भागातल्या कमिट्यांना आणखी एक गोष्ट सहज जमेल. मैदानाच्या कडेला वजनकाटा ठेवावा, आणि हँडबिलावर पैलवानाच्या फोटोखाली इनामाच्या आकड्याबरोबर त्याचं वय आणि वजनही छापावं. हँडबिलं फाल्गुनातच छापायला जातात, म्हणजे ठरवायचं तर त्याआधीच्या बैठकीत ठरवायला हवं.