किल्ली कोणाच्या खिशात?

घोडेगावची ओळख कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराची. पण सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना इथून जवळच आहे, आणि एकदा गव्हाणीत मोळी पडली की अशा कारखान्यांत महिनोन् महिने रात्रंदिवस यंत्रं फिरत राहतात. चालत्या यंत्रात कुणाचा हात गेला की कुठेही पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ साधा हिशेब मांडला तरी ते टिकत नाही. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला सावध माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. एक मीटर व्यासाचा रोलर मिनिटाला फक्त पाच फेऱ्या घेत असला, तरी तेवढ्या वेळात त्याचा पृष्ठभाग साडेसहा सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे बोटं आत गेलेली असतात, आणि दोन रोलरांमध्ये धरलेला हात ओढून सुटत नाही. संथ यंत्र म्हणूनच फसवं.

दोष माणसाच्या लक्षाचा नाही, यंत्राच्या रचनेचा आहे, हे मळणी यंत्राच्या बाबतीत आपण कधीच मान्य केलं आहे. 1983 च्या धोकादायक यंत्रे अधिनियमाने सुरक्षित यंत्र बनवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. पेंढी सारायची नाळ लांब आणि वरून झाकलेली हवी, ती एवढ्यासाठीच की हात दात्यांपर्यंत पोचूच नये. कारखान्यांसाठी तर 1948 च्या कायद्याच्या 21 व्या कलमानेच फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगितलं होतं.

यावर मालक म्हणतात, जाळी बसवली तरी कामगारच ती काढून ठेवतात. खरं आहे. पण अडकलेला चोथा काढायला दर वेळी चार बोल्ट खोलावे लागत असतील आणि वरून ‘गाळप थांबवू नका’ असा तगादा असेल, तर जाळी निघणारच. ती बिजागरीवर बसवावी, उघडताच मोटर बंद पडावी. दुरुस्तीला आत उतरणाऱ्याने मेन स्विच पाडून त्याला स्वतःचं कुलूप लावावं. तिघे उतरले तर कुलपंही तीन. खर्चाची तक्रार छोट्या वर्कशॉपांची असते, पण जाळी आणि कुलूप गावातच मिळतात. उलट 1923 च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात एक अंगठा म्हणजे कमाईची 30 टक्के क्षमता गेली असं धरलं होतं, आणि चार बोटं गेली तर 50 टक्के. आणि त्या कुलपाची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर राहिली, तर पाळी बदलताना आत माणूस आहे हे नव्या ऑपरेटरला कळणार कसं? ती आत उतरलेल्या फिटरच्याच खिशात हवी.