आजीच्या ओव्या आणि पंख्याची घरघर

हेडफोन लावा, आजचा एपिसोड घरगुती आहे.

दिवाळीत गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या. आजी ८४ वर्षांची. चाळीस मिनिटं गायली. पुण्यात येऊन ऐकतो तर ओव्या कमी, पंखाच जास्त! म्हटलं, सॉफ्टवेअर आहे ना. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन जोरात लावलं. पंखा गेला, पण आजी पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं. कारण सोपं आहे. पंख्याचा आवाज ज्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो, त्यांतच गळाही असतो. एक कापलं की दुसरंही थोडं कापलं जातं.

म्हणून गोंगाट रेकॉर्ड होण्याआधीच कमी करायचा. संक्रांतीला पुन्हा गेलो, तेव्हा हे केलं:

१. पंखा, फ्रिज बंद. गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते.

२. माइक जवळ. अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. एक वीत अंतर ठेवा, माइक तोंडासमोर नको, थोडा बाजूला. नाहीतर 'प', 'फ'चे फटके बसतात.

३. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. 'हूं' असा गुणगुणाट बऱ्याचदा तिथूनच येतो.

४. मागे-बाजूला गोधड्या टांगा, घुमणं कमी होतं. फोन एअरप्लेन मोडवर.

५. सुरुवातीला दहा सेकंद सगळे गप्प. हा रिकाम्या खोलीचा नमुना सॉफ्टवेअरला दिला की हलकं नॉइज रिडक्शन पुरतं. मी ६ डेसिबलवर थांबतो.

रेकॉर्डिंग झकास आलं. आजी ऐकून म्हणाली, "अरे, मी एवढी म्हातारी वाटते होय?"

पण दिवाळीत गायलेल्या दोन ओव्या तिला या वेळी आठवल्याच नाहीत. त्या आता फक्त पंख्यावाल्या फाइलमध्ये आहेत. नशीब, मूळ फाइल डिलीट केली नव्हती. सफाई कॉपीवर केली होती.

तर मंडळी, गोंगाट कमी करा, पण शांत खोली मिळेल म्हणून थांबू नका. आजी गातेय ना? आधी रेकॉर्ड दाबा. पंखा नंतर बघू.