मुलांची पेशी आणि वडिलांचे हात

रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील एखादें मूल हळूच सांगतें कीं, उद्यां शाळेंत प्राणिपेशीची प्रतिकृति न्यावयाची आहे. हा प्रसंग आमच्या वाचकभगिनींना नवा नसावा. आमच्याकडे तो आला तेव्हां वहिनी, धाकटी बहीण व स्वतः आम्हीं असे तिघेंजण कामाला लागलों, आणि ज्याचें काम होतें तो पांचवींतला पुतण्या निजावयास गेला! सकाळीं तयार झालेली वस्तु पाहण्यासारखी होती खरी. परंतु वर्गांत गुरुजींनीं तींतील एका दाण्यावर बोट ठेवून ‘हें काय?’ असें विचारतांच चिरंजीवांची वाचा बसली. दुपारपर्यंत आमची सुंदर जेली वितळून केंद्रकासह डब्याबाहेर आली, तें निराळेंच.

जेलीचा दोष आमच्याच अज्ञानाचा. ती जिलेटिनची होती. जिलेटिन जनावरांच्या कातडीहाडांपासून काढतात, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. पण सोंवळ्याओंवळ्याचा विचार बाजूस ठेवला तरी आपल्या उन्हांत तें टिकत नाहीं. त्यापेक्षां समुद्रांतील शैवालापासून होणारें चिनी गवत घ्यावें. लिटरभर पाण्यास दहा-बारा ग्रॅम उकळून पूर्ण विरघळवावें. तें ३५ ते ४० अंशांच्या सुमारास थिजतें, आणि एकदां थिजल्यावर ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. अर्धें भांडें भरून थिजूं द्यावें, त्यावर पेशींतील अंगकें मांडावींत व उरलेलें कोमट असतांनाच वरून ओतावें.

खरी गंमत प्रमाणाची आहे. वीस मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, पेशी वीस सेंटिमीटरच्या वाडग्यांत दाखवावयाची म्हणजे ती दहा हजार पट वाढविली. आतां त्याच हिशेबानें केंद्रक सुमारें सहा सेंटिमीटरचें, अर्थात् एक मोसंबें. तंतुकणिका सेंटिमीटरभर जाड व दोनएक सेंटिमीटर लांब. तेथें भिजविलेला राजमा अगदीं बेताचा बसतो. रायबोसोम मात्र पाव मिलिमीटरचे, म्हणजे बारीक रव्याचे कण. आणि आम्हीं शहाण्यांनीं तेथें वाटाणे बसविले होते! आंतर्द्रव्यजालिकेसाठीं दुधाच्या रिकाम्या पिशवीची पट्टी कापून केंद्रकाभोंवतीं घड्या घालाव्या व त्यांवर थोडा रवा भुरभुरावा. कॅमिल्लो गॉल्गी या इटालियन वैद्यानें १८९८ सालीं घुबडाच्या मज्जापेशींत जें पाहिलें, त्या गॉल्गी पिंडासाठीं त्याच पट्टीच्या चारपांच चुण्या पुरेत. पेशीचें पटल या प्रमाणानें वहीच्या कागदाहूनहि पातळ ठरतें. तेव्हां मातीचें जाड कडें करूं नये. भिंत वनस्पतींच्या पेशीला असते, प्राण्यांच्या नव्हे. हिरवे मूगहि आंत घालूं नयेत. हरितलवकें ही वनस्पतींचीच मिरास आहे.

दुसऱ्या खेपेस पुतण्यानें सर्व स्वतः केलें. शेगडीजवळचें काम तेवढें वहिनींनीं केलें. मोसंबें कलतें बसलें, चुण्या उलगडल्या. वहिनींचा हात वारंवार पुढें येई व आम्हीं तो अडवूं. वाडगा आमच्या पहिल्या कृतीच्या पासंगासहि पुरला नसता. गुरुजींनीं त्याच सुमारास मुलांच्या गालाच्या आंतल्या बाजूचा पातळ थर काडीनें घेऊन, निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला.

“काका, खऱ्या पेशींत नुसती कड दिसते आणि मध्यें एक निळा ठिपका. आपला राजमा कुठें गेला?”

आम्हीं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सांगूं लागलों. पण त्याचें अर्धें लक्ष स्वयंपाकघराकडे होतें. तेथें जाऊन त्यानें डब्यांतला चिमूटभर रवा आजीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “आजी, यांतल्या एका कणाचे दहा हजार भाग लांबीला केले ना, तर त्यांतल्या एका भागाएवढ्या जागीं प्रथिनें तयार होतात.” आजींनीं चष्मा काढून पुसला व रवा दिव्याजवळ नेला.